जेवणाच्या घंटेवर चालणारी बोट

१२ जून. धक्क्यावरच्या पंपावर डिझेलचे झाले दोन हजार आठशे पासष्ट. कप्तानाने स्वतःच्या खिशातून दोन हजार आठशे काढून दिले, वरचे पासष्ट पुढच्या खेपेला देतो म्हणाला आणि पावती घेतली नाही. ‘केवळ वाऱ्यावर चालणारी बोट’ अशी जिची जाहिरात, तिच्या डिझेलची पावती दाखवायची तरी कोणाला?

जाहिरात म्हाताऱ्या मालकांनी स्वतः लिहिली होती. डोंगरांमध्ये आत आत शिरणाऱ्या खाड्या, कड्यांवरचे समुद्रगरुड, काठाला खेळणारी पाणमांजरे आणि या सगळ्यातून सहा दिवस शिडांवर सफर. ना इंजिनाचा आवाज, ना धूर. यातला शब्द न् शब्द खरा होता, शेवटचे दोन मुद्दे सोडून. दोन्ही बाजूंना एवढे देखणे डोंगर उभे असल्यावर वारा आत येणार कुठून? बाहेरच्या समुद्रावर तो हवा तेवढा होता. खाडीच्या तोंडाशी आला की डोंगर त्याला दारातूनच परत पाठवत. कप्तानाची उमर मालवाहू गलबतांवर गेलेली. शिडे त्याला उत्तम येत होती. वाराच येत नव्हता.

म्हणून मालकांनी घंटा बसवली. साडेबाराला ती वाजली की सगळे प्रवासी खाली जेवायला. बोटीवरचा स्वयंपाक कप्तानाची बायको करायची, आणि एवढा साग्रसंगीत की दीड तास कोणी पाटावरून, म्हणजे बाकावरून, हलत नसे. तेवढ्यात वर कप्तान इंजिन चालू करी. खालून कोणी विचारलेच, “ही घरघर कसली?” तर बायको वाढता वाढता सांगे, “पाणी तापवायचं यंत्र आहे.” न्हाणीघरात पाणी बर्फासारखे येई. पण या दोन गोष्टींची सांगड घालण्याइतके रिकामे पोट कोणाचेच नसे. मंडळी ढेकर देत वर येत, नवा डोंगर, नवा धबधबा बघत आणि म्हणत, “वा कप्तान, वारा काय झकास लागला!” कप्तान एखादी दोरी उगीच ओढून नम्रपणे हसे. अंतर जास्त असेल त्या दिवशी चार वाजताही घंटा होई. सहलीवरून परतणारी माणसे निसर्गाने भारावलेली असत आणि वजनानेही.

मालक वारले. धंदा जावयाकडे आला. जावई व्यवस्थापन शिकलेला. त्याने सासऱ्यांची जाहिरात वाचली होती आणि धंदेवाल्या माणसाने कधी करू नये ते केले होते: तिच्यावर विश्वास ठेवला होता. पहिल्याच महिन्यात त्याने खर्चातली एक बाब खोडली.

“शिडाच्या बोटीला डिझेल कशाला हो?”

“अडीअडचणीला लागतं, साहेब.”

“अडचण दर आठवड्याला येते? हे बघा कप्तान, ऊठसूट इंजिन लावणारा माणूस मला नको. हंगाम संपला की तुमचा करार नव्याने करायचाय. तेव्हा बघू.”

करार म्हणजे नुसता पगार नव्हता. बोटीच्या शेडवर एक खोली होती. एक खिडकी पाण्याकडे, दुसरी शिडे वाळत घालायच्या बांबूंकडे, कोपऱ्यात शेगडी, आणि भिंतींना डांबराचा कायमचा वास. नवरा-बायकोचा संसार त्या खोलीत मुरला होता. करार गेला की खोली गेली. तेव्हा कप्तानाने तोंड मिटले आणि डिझेल पदरमोड करून भरायला लागला. मालकाच्या टाकीतून डिझेल चोरणारे नोकर पुष्कळ झाले. चोरून भरणारा हा बहुधा पहिलाच.

१२ जूनच्या सहलीला जावई स्वतः निघाला, सोबत सासूबाई. पहिले दोन दिवस बोट बाहेरच्या समुद्रावर होती. वारा होता, सगळे ठीक होते. तिसऱ्या दिवशी आतली खाडी लागली, शिडे धुतलेल्या चादरींसारखी लोंबायला लागली आणि साडेबाराला घंटा वाजली. सगळे खाली गेले. जावई खुर्चीत तसाच.

“साहेब, जेवायला?”

“मी दुपारचं घेत नाही. पोटाला रोज सोळा तास सुट्टी. तुम्हीही करून बघा, फार हलकं वाटतं.”

कप्तान जिना उतरून बायकोकडे गेला. “अगं, तो जेवत नाही.”

“म्हणजे? माझ्या हातचं?”

“कोणाच्याच हातचं.”

“मग हो आता?”

“आता वाऱ्याची वाट बघायची. जाहिरातीत लिहिलंय तशी.”

बोट उभी राहिली. समोरच्या खडकावर एक समुद्रगरुड बसला होता. दुपारी सर्वांनी त्याचे फोटो काढले. संध्याकाळी पुन्हा त्याचेच काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी गरुडच कंटाळून उडून गेला.

“कप्तान,” एका प्रवाशाने विचारले, “आपण अजून निघायचे आहोत की पोचलोय?”

जावई आदल्या दिवशी ‘काय ही शांतता!’ म्हणत होता. आता त्याला शनिवारची पुढची तुकडी आठवायला लागली. “तुम्हाला शिडं नीट येतात ना हो? सासऱ्यांच्या वेळी तर सगळं वेळेवर व्हायचं.”

इंजिन लावावे तर खोली जाणार, न लावावे तरी जाणार. एवढे निःपक्षपाती संकट कप्तानाने समुद्रावरही पाहिले नव्हते.

साडेबाराला घंटा झाली. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. घंटा बसवली तेव्हा त्या इथेच होत्या.

“जावईबापू, खाली चला.”

“आई, माझा उपास...”

“तो घरी करा. ह्यांच्या बोटीवर जावई उपाशी, आणि मी खाली बसून जेवू? घास उतरेल का घशाखाली?”

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात याचे उत्तर नव्हते. जावई उठला. त्याच्या मागोमाग उतरताना सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, “कप्तान, मी आज सावकाश जेवणार आहे हो.”

खाली दुसरा घास घेतो न घेतो तोच जावयाने कान टवकारले. “हा आवाज कसला?”

“पाणी तापवायचं यंत्र,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या सासऱ्यांनीच बसवलं.”

“केवढं घरघरतं! काढूनच टाकू या.”

कप्तानाच्या बायकोचा डाव हवेतच थांबला.

“काढा की,” सासूबाई म्हणाल्या. “मग माझ्या अंघोळीचं पाणी रोज तुम्ही तापवून आणा.”

“नको नको, राहू दे.”

“आणि त्याला तेल लागतं. कप्तान बिचारा काटकसर करतो, म्हणून पाणी गार येतं.”

“मग खर्चात धरायला नको का? गरम पाणी ही सोय आहे! सोयीत काटकसर नाही चालायची.”

सासूबाईंनी आणखी दोनदा वाढून घेतले. मंडळी वर आली तेव्हा डोंगर नवा होता, धबधबा नवा होता, आणि काठच्या खडकांवर तीन पाणमांजरे मासा ओढत भांडत होती. जावई कठड्याला धरून लहान मुलासारखा बघत राहिला.

“बघितलंत? एक थेंब डिझेल न जाळता! कप्तान, वाऱ्याचा असा जाणकार मला दुसरा मिळायचा नाही. हंगाम कशाला संपायला हवा, करार या आठवड्यातच करून टाकू.”

कप्तानाने एक दोरी उगीच ओढली आणि नम्रपणे हसला.

करार झाला, खोली राहिली. पुढच्या सहलीपासून खर्चात ‘पाणी तापवण्याचे तेल’ ही बाब रीतसर पडते. न्हाणीघरात पाणी अजून गारच येते, पण तक्रार सासूबाईंनीही केलेली नाही. १२ जूनचा खर्च मंजुरीच्या आधीचा, त्यामुळे तो मागता आला नाही. पंपवाल्याचे पासष्ट अजून द्यायचे आहेत.