गोळी चालू आहे ना, मग बीपी कसलं?

एका दुपारी सिंगापूरच्या सेम्बावांगमधल्या आठव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये बसून मी आरोग्य विम्याच्या फॉर्मवरच्या नऊ प्रश्नांपुढे एका दमात नऊ वेळा 'नाही'ची खूण केली. सगळे प्रश्न मी विचारले नव्हते. ही कबुली आधीच देऊन टाकतो. ती पोटात ठेवून मला पुढचं काही नीट सांगता येणार नाही.

वीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. मग कान जरा कमी ऐकू लागले आणि बायको म्हणाली, "अहो, आता घरी राहा. मुलगी तुम्हाला पाहुणा समजते." मी परीक्षा दिली आणि विमा एजंट झालो. सिंगापूरमध्ये सरकारची मूळ आरोग्य योजना सगळ्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतेच. तिच्यावर जोडायची खाजगी योजना मी दारोदार फिरून विकणार होतो.

पाया लेबारच्या ऑफिसात प्रशिक्षण झालं. आमची मॅनेजर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चिनी, आणि नियमांच्या बाबतीत बोटीवरच्या चीफपेक्षा कडक. दार उघडताच आधी कार्ड दाखवायचं. सरकारकडून आलो असं भासवायचं नाही. गिऱ्हाइकाला भेटवस्तू द्यायची नाही, पेनसुद्धा नाही. गिऱ्हाईक वयस्कर असेल आणि त्याला इंग्रजी नीट येत नसेल, तर त्याचा विश्वास असलेलं, इंग्रजी जाणणारं कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे. आणि शेवटी कंपनी स्वतः गिऱ्हाइकाला फोन करून विचारणार, सगळं कळलं ना, एजंटने जबरदस्ती तर केली नाही ना. मला हे नियम फार आवडले. माझ्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी मी सॉरी म्हणतो. अशा माणसाला काय करायचं नाही हे कुणी लिहून दिलं की बरं वाटतं.

तीन आठवडे एकही दार धड उघडलं नाही. त्या दुपारी मात्र आठव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये हिंगाच्या फोडणीचा वास आला आणि मी बेल दाबली. जाळीच्या दाराआडून एका काकांनी माझं कार्ड डोळ्यांजवळ धरून आडनाव वाचलं.

"अगं ए, आपला माणूस आहे!" ते आत बघून ओरडले.

तिथेच माझे नियम ढिले पडले. काका इथल्या शिपयार्डमधून निवृत्त झालेले. काकू सहासष्ट वर्षांच्या, तीस वर्षं सिंगापुरात, पण इंग्रजी फक्त बाजारापुरतं. त्यांना खाजगी योजना हवीच होती. मुलगी लग्न होऊन जुरोंग ईस्टला राहते, तिची दोन लहान मुलं, आणि काकूंना एकच धास्ती होती. आपण आडव्या झालो तर सगळा भार तिच्यावर पडेल.

मी फॉर्म काढला. "काकू, इथे तुमच्या विश्वासातल्या माणसाचं नाव लिहायचंय."

"मी आहे की," काका म्हणाले.

"तुम्ही?" काकूंनी भुवया वर केल्या. "यांचं नको लिहूस रे. शहाळं आणायला म्हणून जातात आणि लॉटरीच्या रांगेत सापडतात. समोरच्या आंटीचं लिही."

समोरच्या दारात राहणाऱ्या चिनी आंटी म्हणजे शाळेतल्या निवृत्त क्लार्क. काकूंची आणि त्यांची अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत वीस वर्षांची मैत्री. पण आम्ही तिघंही हसलो आणि हसता हसता मी काकांचंच नाव लिहिलं. काकू थट्टा करत नव्हत्या हे मला कळलं नाही. कदाचित कळून घ्यायचं नव्हतं.

मग काकू वडे तळायला उठल्या. "तू विचार रे, मला तिकडून ऐकू येतं."

"काकू, शुगर?" मी ओरडलो.

"नाही!"

"बीपी?"

"नाही रे!" आणि पहिला घाणा तेलात पडला. त्या चर्र आवाजात पुढचे प्रश्न कोण विचारणार? जहाजावर आम्ही लॉगबुक असंच भरायचो. दर चार तासांनी प्रत्येक गेज बघून आकडा लिहायचा असा नियम, पण उकाडा असह्य झाला की जागेवर बसूनच मागच्या आकड्यांच्या अंदाजाने रकाने भरून टाकायचे. माझा हात त्याच सवयीने खाली सरकत गेला. नाही, नाही, नाही. त्यातला एक प्रश्न होता, रोज कुठलं औषध घेता का.

वडे अप्रतिम होते. निघताना काकूंनी उरलेले डब्यात भरून दिले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी तो डबा मांडीवर घेऊन एकटाच हसत होतो. माझं पहिलं गिऱ्हाईक!

दोन दिवसांनी डबा परत करायचा होता. बायकोने त्यात साखर भरली.

"हे काय?"

"रिकामा डबा परत देतात का कधी?"

"अगं, नियम आहे. गिऱ्हाइकाला भेट द्यायची नाही. याला प्रलोभन म्हणतात."

"पाव वाटी साखरेने भुलणारी बाई बघायचीय मला." ती हसत सुटली. "तुमच्या मॅनेजरला सांगा, साखर माझी आहे आणि डबा त्यांचा. तुम्ही फक्त हमाल."

मुलगी सोफ्यावरून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेक लाह."

तर असा मी हमाल होऊन आठव्या मजल्यावर गेलो. काकूंनी डबा घेतला, साखर बघून खूश झाल्या आणि माझ्यासमोरच एक छोटी पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळली.

"कसली हो, काकू?"

"बीपीची."

"पण तुम्ही तर बीपी नाही म्हणालात!"

"नाहीच आहे," काकू ठामपणे म्हणाल्या. "गोळी चालू आहे ना, मग बीपी कसलं? गोळी नसती तर असतं."

माझी आईही हेच म्हणायची. आपल्याकडे निम्मा समाज हेच म्हणतो. म्हणून तर औषधाचा प्रश्न फॉर्मवर वेगळा छापलेला होता, आणि तोच मी वड्यांच्या आवाजात गिळला होता. मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. नऊ खुणा, लॉगबुक, काकांचं नाव, सगळं. काका मात्र हसायला लागले.

"अरे, एका गोळीसाठी रडतोस काय! सोडून दे. कोण बघतंय? जहाजावर काय सगळे गेज बघून लिहायचास?"

"नाही लिहायचो, काका. म्हणूनच."

"आणि खरं लिहिलं आणि ते नाही म्हणाले तर? या वयात हिला दुसरं कोण घेणार?"

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "आणि खोटं लिहिलं, मी दवाखान्यात पडले आणि तेव्हा नाही म्हणाले तर? तेव्हा लेकीला काय सांगाल, वडे छान झाले होते?" मग माझ्याकडे वळल्या. "तू जा आणि सांग तुझ्या त्या मॅनेजर पोरीला. नवीन फॉर्म आण. आणि या वेळी मी काही तळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर उभा राहिलो. तिने सगळं शांतपणे ऐकलं. एकदाच पेन खाली ठेवलं.

"अंकल," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही आज सांगितलंत, म्हणून मी तुम्हाला फक्त ओरडणार. ती बाई आजारी पडल्यावर सांगितलं असतंत, तर तिला कोणी वाचवू शकलं नसतं लाह." मग ती खरंच ओरडली, दहा मिनिटं. लेखी ताकीद दिली आणि जुना अर्ज मागे घेतला. मी ताकीदपत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि लिफ्टमध्ये चक्क शीळ घातली. लिफ्टमधल्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला बढती मिळाली होती.

नवा फॉर्म भरायला समोरच्या आंटी चष्मा लावून बसल्या. प्रत्येक प्रश्न त्या आधी मोठ्याने वाचायच्या, मग पोटावर, छातीवर, गुडघ्यावर हात ठेवून काकूंना दाखवायच्या. काकूंना आता खरेपणाचा उत्साह चढला होता. बीपी सांगून झालं, मग गुडघा, मग सातवीत असताना झालेली कावीळ, मग उजव्या कानात अधूनमधून येणारा आवाज.

"तो आवाज माझा असतो," काका म्हणाले.

"राइट साइड, ही स्लीप," काकूंनी आंटींना समजावलं. आंटी इतक्या हसल्या की चष्मा फॉर्मवर पडला.

राहिला कंपनीचा फोन. त्या वेळी एजंटने गिऱ्हाइकाशेजारी असता कामा नये, म्हणून मी बाहेर कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालायच्या दांड्यांखाली उभा होतो. आत फोन स्पीकरवर होता. काकूंजवळ आंटी, आणि काकांना गप्प बसण्याची सक्त ताकीद. कंपनीच्या बाईंनी विचारलं, हप्ते कळले का, किती दिवसांत निर्णय बदलता येतो ते कळलं का. काकू "यस, यस" म्हणत होत्या. मग शेवटचा प्रश्न आला.

"मॅडम, डिड द एजंट पुट एनी प्रेशर ऑन यू?"

"प्रेशर?" काकूंचा आवाज एकदम खुलला. "यस! यस! प्रेशर! टेन इयर्स प्रेशर! एव्हरी मॉर्निंग वन टॅब्लेट!"

मी दांडी घट्ट धरली. हे संभाषण रेकॉर्ड होत होतं आणि त्या रेकॉर्डनुसार मी एका वृद्ध स्त्रीवर दहा वर्षं दबाव टाकत होतो, तोही रोज सकाळी गोळी देऊन.

"मॅडम... एजंट गिव्ह यू टॅब्लेट?"

"नो, नो, डॉक्टर गिव्ह. एजंट सेड, टेल एव्हरीथिंग. आय टेल!"

आत काका हसू दाबत सोफ्यावर आडवे झाल्याचा आवाज आला. शेवटी आंटींनीच फोन घेतला. "ब्लड प्रेशर लाह! ही नेव्हर प्रेस हर. शी प्रेस हिम, मेक हिम डू द फॉर्म टू टाइम्स!"

पलीकडच्या बाईंना हसू आवरत नव्हतं, हे मला जाळीबाहेरही ऐकू आलं. त्यांनी तो प्रश्न दुसऱ्या शब्दांत परत विचारला आणि काकूंनी त्याचं उत्तर दिलं, "नो. गुड बॉय." मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

तरी निकालाचे दिवस मला जड गेले. काकांचं म्हणणं खरं ठरलं असतं तर? माझ्या प्रामाणिकपणामुळे काकूंना कोणीच घेतलं नसतं तर? बायको म्हणाली, आधी चुकीची काळजी, आता बरोबर केल्याची काळजी, तुम्हाला सुट्टी कधी असते?

पत्र आलं तेव्हा काकूंनीच फोन करून बोलावून घेतलं. आंटींनी ते दोनदा वाचलं. कंपनीने काकूंना घेतलं होतं. बीपी आणि त्यातून होणारे आजार वगळले होते, बाकी सगळ्याला संरक्षण होतं.

"वगळलेल्याचं काय?" काकूंनी विचारलं.

"त्याला सरकारची मूळ योजना, काकू. जेवढं ती देते तेवढंच. त्याहून जास्त मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

काकूंनी थोडा विचार केला. "म्हणजे काय मिळणार आणि काय नाही, ते आत्ताच कळलं. लेकीलाही आजच सांगून ठेवते." आणि त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून.

मी लिफ्टची वाट बघितली नाही. जिन्याने दोन-दोन पायऱ्या उतरत सुटलो. चौथ्या मजल्यावर एक म्हातारा जिन्याच्या तोंडाशी पाय पसरून बसला होता. माझी धाप आणि बगलेतली फाइल बघून त्याने विचारलं, "सेलिंग व्हॉट?"

मी आधी कार्ड दाखवलं. "इन्शुरन्स, अंकल," मी म्हणालो. "बट टुडे नॉट सेलिंग."

"देन व्हाय यू सो हॅपी?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं.