देविदासच्या टेबलावरची खांदेमळणी

हिंगोलीत कॉम्प्युटर जोडून देणारे पुढं पुष्कळ झाले, पण देविदास राठोडसारखा नखरेल कोणी झाला नाही. नखरे कपड्यांचे नव्हेत, शर्ट वर्षानुवर्षं तोच असायचा. नखरे सामानाचे. गिऱ्हाईक यायचं ते निळे दिवे लागणारा डबा मागत. कॅबिनेटला सगळे डबाच म्हणत. देविदास म्हणायचा, "दिवे पायजे तं बैठकीत माळ लावा. आतला पॉवर सप्लाय चांगला घ्या. घरातला म्हातारा बिमार आन् दाराला तोरण, असं काहून करता?" गिऱ्हाईक रागावून दुसरीकडं जायचं. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या शेजारीच. मी रोज सांगायचो, बाबा, विकणाऱ्यानं गोड बोलावं. तो हसायचा आणि सुटलेले स्क्रू चहाच्या बशीत टाकून पुन्हा कामाला लागायचा.

तो जवळच्याच एका तांड्यावरचा. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून, लदेनी करत मुलूख फिरलेले. हा पूर्णेला गाडी बदलून हैदराबादला जायचा आणि येताना मदरबोर्ड मांडीवर घेऊन बसायचा. "तुमची लदेनी काही सुटली नाही," मी चिडवायचो. बाप गेला, शेवटची बैलजोडी विकावी लागली, तेव्हा आईला त्यानं शहरात आणलं. जिवनबाई दुकानामागच्या खोलीत राहायला लागली. पोराच्या धंद्यातलं तिला एवढंच कळायचं की या डब्यांवर आपलं पोट आहे. तेवढं तिला पुरेसं होतं. रोज सकाळी ती दुकानाच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडायची आणि बंद मॉनिटरला हात जोडायची.

२००४ सालची गोष्ट. श्रावण चालू होता. शिरड शहापूरचे माणिकराव आणि त्यांची बायको शालूबाई जीपमधून उतरले. गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर माणिकरावांनी दोन्ही हातांवर धरला होता.

"चालू केला की बंद पडून राहिला," माणिकराव म्हणाले. "नवा जोडून द्या. प्रियंकाला कॉलेजसाठी लागतो. पण आमच्या विश्वंभरचा आवाज त्याच्यात हाय. तो जाऊ देऊ नका."

विश्वंभर त्यांचा थोरला. कॉम्प्युटर त्यानंच हट्ट करून घेतला होता. माईक आणला त्या दिवशी तपासून बघायला म्हणून त्यानं आईला पुढं बसवलं आणि बोलता बोलता सगळं रेकॉर्ड केलं. नंतर मोटारसायकलवरून पडायचं निमित्त झालं आणि पोरगं गेलं. तेव्हापासून लाइट असली की शालूबाई दुपारी कॉम्प्युटरसमोर बसत. प्रियंका लावून देई. "आये, बोल नं काही," असं तो म्हणतो, आणि "काय बोलू रे बाबा," असं त्या म्हणतात, आणि मग तो खूप हसतो. हे सगळं शालूबाईंनी आमच्या दोघांसमोर उभ्या उभ्या सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं.

देविदासनं डबा उघडला. मदरबोर्डवरच्या बारक्या नळकांड्या फुगून त्यांची टोपणं वर आली होती. शिरडची लाइट कधी पणतीएवढी, कधी बल्ब फुटेल एवढी. तिनं आतलं सगळं भाजून काढलं होतं. हार्डडिस्क तेवढी शाबूत दिसत होती. मी म्हटलं, तुझ्या दुकानातल्या मशीनला जोड आणि आत्ताच आवाज दुसरीकडं उतरवून घे.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्या मशीनचा सप्लाय बी जुनाच हाय. एकदा झटका बसलेल्या डिस्कला दुसरा झटका सोसत न्हाई. नवा चांगला सप्लाय आणतो, मंग एकदाच फिरवतो. मामा, पोळ्याला दुपारी या, सगळं बराबर राहील."

म्हणणं बरोबर होतं. आजही मला त्यात खोट दिसत नाही, आणि म्हणूनच त्या गोष्टीचा जास्त राग येतो.

हार्डडिस्क त्यानं मऊ फडक्यात बांधून टेबलावर ठेवली आणि आईला सांगितलं, "याडी, याला जप. दुकानातलं सगळ्यात मोलाचं हेच हाय." आणि हैदराबादची गाडी धरली.

तिथं त्यानं काय काय पाहिलं ते मला नंतर कळलं. पॉवर सप्लाय हातात तोलून वजनावरून पारखला, हलका असला की परत. मदरबोर्ड असा शोधला की ज्याला जुन्या डिस्कची रुंद केबल-पट्टी बसेल. स्पीकरसाठी तर अख्खी गल्ली पालथी घातली. दुकानदार धडधड वाजवून दाखवायचे आणि हा म्हणायचा, बातम्या लावा. ठोके नकोत, माणसाचा आवाज पाहिजे. शेवटी साधे काळे स्पीकर घेतले.

पोळ्याच्या सकाळी तो परतला. मी नुकतंच शटर वर केलं होतं. आत गेला तो तसाच उभा राहिला, म्हणून मीही गेलो.

टेबलावरचं सगळं सामान धुऊन-पुसून ओळीनं मांडलं होतं. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सुट्या पट्ट्या, आणि सगळ्यांच्या पुढं हार्डडिस्क. प्रत्येकाला तूप-हळद चोळलेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद लावतात आणि आवतन देतात. जिवनबाईकडं बैल उरले नव्हते. पोराचं पोट ज्यावर चालतं त्याचे खांदे तिनं मळले होते.

"पहिला मान त्याला देला," ती डिस्ककडं बोट दाखवून म्हणाली. "तूच म्हनला व्हता नं, सगळ्यात मोलाचं. चांगलं गरम तूप जिरवलं."

हार्डडिस्कच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. हे झाकू नका, असं बाजूला लिहिलेलं असतं. देविदास म्हणायचा, डिस्क तिथून श्वास घेते. त्या भोकावर हळदीचा पिवळा थर होता.

"बरं केलं, याडी," एवढंच तो म्हणाला. मग स्पिरिट, कापूस, बारीक ब्रश घेऊन बसला. नव्या डब्यात मदरबोर्ड कसला, सप्लाय जोडला, पंखा बसवला, शेवटी डिस्क लावली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली, आणि डिस्कमधून टक टक असा आवाज यायला लागला, पण आतलं काही उघडेना. त्यानं बंद केलं, थोडं थांबून पुन्हा चालू केलं. तेच. मागच्या खोलीतून पुरणाचा वास येत होता.

माणिकराव आणि शालूबाई दुपारी आले. घरात वर्षाचं दुःख होतं, म्हणून त्यांच्याकडं सण नव्हता. देविदास उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, आवाज गेला. माझ्या हातून गेला."

"गेला म्हंजी?" माणिकरावांचा चेहरा लाल झाला. "तुमी सांगितलं व्हतं, सगळं बराबर राहील. भरोसा ठेवून तुमच्याकडं देलं व्हतं."

"व्हय. माझीच चुकी हाय."

शालूबाईंनी टेबलावर काढून ठेवलेली डिस्क उचलली. सांदीत राहिलेला पिवळा डाग बोटानं पुसला, बोट नाकाशी नेलं. जन्मभर बैलांचे खांदे मळलेली बाई. तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तेवढ्यात जिवनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. शालूबाईंनी तिच्या हाताकडं पाहिलं. बोटं अजून पिवळी होती.

मला वाटलं, आता भडका उडणार. खरं सांगतो, उडावा असंही वाटलं. देविदास खाली बघत होता.

"आवतन देलं व्हतं का?" शालूबाईंनी विचारलं.

जिवनबाईचा चेहरा उजळला. कोणीतरी विचारलं याचाच तिला आनंद. "देलं की. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

शालूबाईंनी डिस्क जपून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मंग वाढा. त्याच्या वाटचं मी खाते."

"आपल्यात सण न्हाई अजून," माणिकराव म्हणाले.

"आवतन असल्यावर जावं लागते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि चुलीजवळ बसल्या. माणिकराव दारातच टेकले. जिवनबाईनं पुरणपोळीवर तुपाची धार सोडली, जवळ बसली, आणि कोणत्याही आईनं कोणत्याही आईला विचारावं तसं विचारलं, "लेकरं किती तुमाला?"

"दोन," शालूबाई म्हणाल्या. "पोरगी शिकून राहिली. पोरगं आता बोलत न्हाई."

"बोलंल," जिवनबाई म्हणाली. "पोरंच ती. रुसतात आन् बोलतात. घ्या, आजून एक घ्या."

शालूबाईंनी घेतली. त्या रडत रडत जेवल्या आणि जिवनबाईला वाटलं, पोराच्या अबोल्यानं बाई दुखावली आहे. तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. देविदास बाहेर येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला.

संध्याकाळी दुसरी डिस्क बसवलेला नवा कॉम्प्युटर गोधडीत बांधला. देविदासनं स्पीकरचा खोका बाजूला काढला आणि विचारलं, "मावशी, हे राहू देऊ का इथंच?"

शालूबाईंनी हात पुढं केला. "द्या," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी आणले हायेत नं."

जीप निघाली तेव्हा कॉम्प्युटर मागं होता, आणि स्पीकरचा खोका त्यांच्या मांडीवर.