बाटलीतले पाणी आणि आमची गाय

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. रेणापूरजवळच्या आमच्या गावी त्या सुमारास जनावरांचा दवाखाना आला. तेथील तरुण डॉक्टरांनी मागच्या पत्र्याखाली शेळ्या बांधल्या होत्या. ते त्यांचे रक्त काढीत आणि त्याच्या जागी कसलेसे पाणी शिरेतून सोडून टक लावून पाहत बसत. जित्या जिवाचे रक्त काढून काय पाहायचे असते, हे मला उमगत नव्हते. अभिषेक सांगायला देवळात निघालो की दवाखान्यावरून जाताना माझा जप आपोआप मोठ्याने होई.

अशात आमची गाय व्याली आणि रक्त थांबेना. महादेवाच्या अभिषेकाचे दूध तिचेच असे. नाइलाजाने डॉक्टरांना बोलावले, त्यांनी रक्त थांबवले. पण तिने मान टाकली होती. त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

देवळाचा गुरव माझ्या कानाशी लागला. "गुरुजी, ह्यो तुमच्या गाईवर प्रयोग करायलाय बघा. इचारा तरी!"

मी विचारले. डॉक्टरांनी डोळे चुकवले नाहीत. "हे रक्त नाही, पण काही काळ रक्ताचं काम करतं. शेळ्यांवर पाहिलंय. एक शेळी गेली, पाणी वेगानं सोडलं म्हणून. गाईला आज पहिल्यांदाच देतोय. नाही दिलं तर ही संध्याकाळ पाहणार नाही."

वासरू आईच्या पोटाशी ढुशा देत होते. मी होकार दिला, पण मनाने नव्हे.

बाटली आढ्याला टांगली. डॉक्टरांनी नळीवरचे छोटे चाक बेताने फिरवले, तसा एकेक थेंब उतरू लागला. शेजारच्या गोठ्यातून बोलावणे आले तसे डॉक्टर निघाले. "चाकाला हात लावू नका," एवढेच ते बजावून गेले. मी वासराला घेऊन पडवीत गेलो.

गुरव मात्र बाटलीखाली उभा राहिला. पिंडीवर टांगलेल्या गळतीची, म्हणजे अभिषेकपात्राची, धार दुष्काळापायी तुटक झाली होती, आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असे. धार तुटली की अभिषेक मोडला, असे तो मानी. येथेही तेच थेंब. त्याने चाक फिरवून धार अखंड केली.

गाय धापा टाकू लागली. माझी हाक ऐकून डॉक्टर धावत आले आणि त्यांनी चाक आवळले.

"कोणी केलं हे?"

"धार तुटायली होती, साहेब," गुरव पुटपुटला.

"अहो, ती काय पिंडी आहे?"

बाटली बरीच रिकामी झाली होती. आम्ही गाईशेजारी बसून राहिलो. हळूहळू धाप ओसरली. ऊन कलता कलता गाईने मान उचलली आणि वासराला चाटायला जीभ काढली.

माझे हात आपसूक जुळले. डॉक्टरही हसले, पण त्यांची नजर गाईवर नव्हती, बाटलीवर होती. "शेळीला सोसलं नाही, ते गाईला सोसलं," ते स्वतःशीच म्हणाले. त्या आनंदात माझी गाय किती होती, ते मला कळेना.

"उद्या अजून एक लावू, गुरुजी."

"गाईसाठी की तुमच्यासाठी?"

"दोघांसाठी," ते सरळ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा टांगली गेली. गुरवाला मी देवळात धाडले. स्वतः चाकाशेजारी पाट मांडून बसलो, आणि एक डोळा थेंबांवर, एक डॉक्टरांवर ठेवला.