पिवळ्या खोलीतल्या वहिनी

जेऊरच्या वहिनी माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायच्या. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा चुन्याच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पांढरं बरं हाय, पण त्यात माणूस आजारी दिसतंय." मी नुकतीच लग्न होऊन सोलापुरात आले होते. मला ते लागलं.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. नव्या पेठेमागच्या एका घरात आमची दोन बिऱ्हाडं समोरासमोर होती. त्यांचे यजमान शाळेत मास्तर, आमचे हे गिरणीच्या ऑफिसात. खोल्या अगदी सारख्या.

दिवाळीआधी वहिनींनी चुन्यात पिवडी कालवली, पदर खोचला आणि स्वतःच कुंचला हातात घेतला. एक हात दिला की वाळेपर्यंत स्वस्थ बसायच्या. "ओला रंग खोटं बोलतोय," म्हणायच्या. मग पुन्हा चिमूटभर पिवडी, पुन्हा एक हात. शेवटी जो रंग निघाला तो लिंबाचा नव्हता, हळदीचाही नव्हता. लोणी कढताना तुपाला येतो, तसा होता.

"सोलापुरात ऊन काय कमी आहे, म्हणून घरातही पिवळं?" मी विचारलं.

"बाहेरचं भाजतंय. हे बसवून घेतंय की."

आणि खरोखरच सगळे तिथं जाऊन बसू लागले. सासूबाई दुपारची पोथी तिकडेच वाचू लागल्या. हे ऑफिसातून आले की चपला काढता काढता समोर डोकावायचे आणि मला म्हणायचे, "काय प्रसन्न वाटतं, नाही?" मी पडदे बदलले, आरसा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नणंदेला बघायला मोहोळची मंडळी यायची होती. मी आदल्या दिवसापासून घर घासत होते. सासूबाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, "पोरीला समोरच्या खोलीत बसवू. तिथं उजळ दिसते." ह्यांनी लगेच खुर्च्या तिकडे नेऊन ठेवल्या. पोहे मी केले आणि ते माझ्याच बशांतून समोर गेले. लग्न जमलं. जाताना मुलाची आई वहिनींचा हात धरून म्हणाली, "घर लई छान ठेवलंय बघा." वहिनी लगेच माझ्याकडे वळल्या, "पोहे ह्यांचे हायेत." तो चांगुलपणाच मला जास्त झोंबला. त्या वाईट असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

पुढे मास्तरांची बदली झाली आणि घरमालकांनी ती खोलीही आम्हाला दिली. निघताना वहिनींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्या मनासारखा रंग द्या. माझं कायबी न्हाय." त्यांचे डोळे भरले होते, माझे कोरडे होते.

त्याच आठवड्यात मी रंगारी बोलावला. फिकट निळा ठरवला. त्यानं भिंत खरवडायला पत्रा लावला, तशा सासूबाईंनी पोथी मिटली आणि आमच्या पांढऱ्या खोलीत जाऊन बसल्या. मी जरा वेळ दारात उभी राहिले. मग रंगाऱ्याला म्हटलं, "राहू दे. हाच रंग दे. पलीकडच्या खोलीलाही."

वहिनी पुन्हा भेटल्या नाहीत. आम्ही स्वतःचं घर बांधलं, तिथंही बैठकीला तोच पिवळा दिला. दुकानात जाऊन मीच तो निवडून आणते. नवं माणूस घरी आलं की भिंतींकडे बघून हमखास विचारतं, "रंग कुणी निवडला हो?"

मी तोंड उघडायच्या आत हे सांगतात, "आमच्या जेऊरच्या वहिनींनी."

मी चहा टाकायला आत जाते.