बाबलकाकांची काथ्याची दोरी

बाबलकाका निष्काळजीपणामुळे मेले, हे साफ खोटं आहे.

आणि त्या खोट्याखाली माझी सही आहे.

आज वर्ष झालं.

डिचोलीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची छपाईच्या शाईची कंपनी. शाईत फ्लोरोपॉलिमरची पांढरी पावडर पडते. नॉनस्टिक तव्याच्या जातीची, मैद्याहून बारीक. तिच्यामुळे छपाई घासली तरी जात नाही.

तीच लोखंडी जिन्यावर सांडली की पाय टिकत नाही.

मी लॅबमध्ये. काका खांद्यावर पावडरचं पोतं घेऊन जिन्याने वर मिक्सरकडे. दोडामार्गाहून येताना स्वतः काथ्याची दोरी आणायचे आणि प्रत्येक पायरीला गुंडाळायचे.

मी चिडवायचो, "काका, जिनो बांधून घरी व्हरतास काय?"

"हास रे, हास! ही पावडर पाणी धरणा नाय, पाय धरणा नाय. दोरी तेवढी धरता."

चवथीला, गणपतीच्या सुट्टीत, काका गावी गेले. इकडे परदेशी कस्टमर येणार म्हणून मॅनेजर जिन्यापाशी उभा. "हे काय गावठी लफडं? काढ सगळं!"

कटर माझ्या हातात होता. मी कापली. सगळ्या पायऱ्यांची.

शिवाय पाइप लावून जिना धुतला. अरे, ही पावडर पाण्यात भिजतच नाही, धुतली तरी पायरीवरच राहते, हे मी लॅबमध्ये रोज बघतो! तरी तोंड शिवून गप्प बसलो.

काका सुट्टीवरून आले, पोतं खांद्यावर घेतलं आणि सवयीने चढले. खांद्यावर पोतं असलं की पायरी दिसत नाही. पायाला दोरी लागेल, एवढाच त्यांचा भरवसा.

वरून तिसऱ्या पायरीवरून पडले ते उठलेच नाहीत.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये काय? "कामगाराचा निष्काळजीपणा." लाज नाही वाटली लिहिताना!

"साक्षीदार म्हणून सही कर, फॉर्मॅलिटी आहे," ऑफिसवाले म्हणाले. मी केली. माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

काकींनी तेव्हा विचारलं होतं, "त्येंचो पाय कसो सरकलो रे?" मी म्हटलं, माहीत नाही.

काल त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. त्या आत गेल्या, काकांच्या दोरीचं उरलेलं भेंडोळं आणून माझ्या हातात दिलं.

"जा, बांध परत. आनी कोण पडाक नको."

आज सकाळी बांधली. मॅनेजर बघत होता. कोण काढतो ते बघतोच मी.

दुपारी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे लेखी जबाब दिला. दोरी कोणी काढायला लावली, कोणी कापली, सगळं नावानिशी. माझंही नाव आहे.

काका, ती सही मागे घेतली. तुमची चूक नव्हती.

हात जोडायचं तोंड नाही मला. तरी जोडतो.