साडभाऊंचं बंदर

निघण्याआधी माणसानं किती विचार करावा याला जगात काही मर्यादा असेल, तर ती आमच्या साडभाऊंनी केव्हाच ओलांडलेली आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. केनवडला त्यांची शेती, रिसोडला घर आणि घराच्या ओट्यावर त्यांची बैठक. या ओट्यावरून ते काशी, रामेश्वर, काश्मीर आणि एकदा तर नेपाळलाही जाऊन आले आहेत. म्हणजे जायचं कसं, उतरायचं कुठं, खायचं काय आणि परतताना गर्दी लागली तर पिशव्या कोणी धरायच्या, इथपर्यंत सगळं ठरलं. निघायचं तेवढं राहिलं. लोक प्रवास करून थकतात. साडभाऊ ठरवून थकतात, मग चहा मागवतात आणि पुन्हा पहिल्यापासून ठरवायला घेतात.

यात हसण्यासारखं काही असेल तर ते आधी माझ्यावर हसावं, कारण त्या ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून मान हलवणारा माणूस मीच. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बंदर म्हणजे काय, नैसर्गिक कोणतं, कृत्रिम कोणतं, हे मी मुलांकडून घोकून घेतलं आणि न सांगता आलं तर त्यांना बाकावर उभं केलं. स्वतः मी बंदर तर सोडाच, गुडघ्यापेक्षा खोल पाणीही जवळून पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झालो, रिसोडला घर घेतलं आणि साडभाऊंच्या ओट्यावर कायमचा रुजू झालो. माझी बायको म्हणते, "तुमी दोघं मिळून एक माणूस होता, आन् तोही बसेल हाये."

साडभाऊंचा बेत कसा असतो याचा एकच मासला सांगतो. एकदा बायकांसह आम्ही चौघांनी शिरपूरला मंदिर पाहायला जायचं ठरलं. एवढंसं अंतर, एसटीनं जायचं आणि यायचं. पण सकाळचं ऊन बसच्या कुठल्या अंगानं येईल यावर साडभाऊंनी सबंध आठवडा घातला. मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे सूर्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी छातीठोकपणे सांगितलं, ऊन उजवीकडून. आम्ही डावीकडच्या जागा धरल्या. रस्त्याचं काम चालू होतं, ड्रायव्हरनं गाडी आडवाटेनं घातली आणि ऊन थेट आमच्या तोंडावर आलं. साडभाऊ उठून ड्रायव्हरपाशी गेले. "साहेब, तुमी गाडी उलट्या अंगानं नेऊन राह्यले." ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "मंग काय काका, सूर्व्याले सरकाले सांगू?" सगळी बस हसली. साडभाऊंनी परत येऊन माझ्याकडं असं पाहिलं, की जणू सूर्य मीच हलवला होता.

बंदराचं वेड त्यांच्या डोक्यात भरलं ते बाजारात. मासे विकायला येणाऱ्या एका बाईनं त्यांना तिच्या गावाबद्दल सांगितलं. पैनगंगेवरच्या धरणाचा फुगवटा पसरत पसरत गावाच्या पायरीशी आलेला, गाव शांत, रस्ता गावातच संपतो आणि पुढं सगळी ये-जा नावेनं. नावेतून धान्य येतं, बकऱ्या येतात, नवरीसुद्धा नावेतूनच सासरी जाते. गावचे लोक त्याला नुसता घाट म्हणतात, पण साडभाऊ घरी येईपर्यंत त्याचं बंदर झालं होतं. "मास्तर, आपल्या वऱ्हाडात बंदर आहे, आन् तुमी पोट्ट्यायले मुंबईचं शिकवून राह्यले होते!" मी नेहमीप्रमाणे मान हलवली.

हा बेतही इतर बेतांसारखा ओट्यावरच म्हातारा झाला असता. पण या वेळी आतून ताईंचा आवाज आला. ताई म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, माझी थोरली मेहुणी. या बाईनं आजवर नवऱ्याच्या कुठल्याही बेतात तोंड घातलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य नळाला पाणी कधी येतं याची वाट पाहण्यात आणि आलं की हंडे, कळश्या, वाट्यासुद्धा भरून ठेवण्यात गेलेलं. त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "इथं तरी न्याच मले. एकदा डोये भरून पाणी पाहू द्या. मंग दिसते न दिसते."

काचबिंदू होता त्यांना. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली किती टिकेल तेही सांगता यायचं नाही. अंधार पडू लागला की त्यांना आताच काही दिसत नव्हतं, दिवसा मात्र समोरचं बऱ्यापैकी दिसे. म्हणजे हा बेत इतर बेतांसारखा नव्हता. याला उशीर चालणार नव्हता.

हे मला कळत होतं, साडभाऊंनाही कळत होतं. तरी आम्ही दोघांनी काय केलं? ओट्यावर बसून ठरवायला घेतलं. सोयाबीन निघाल्यावर जाऊ म्हटलं, सोयाबीन निघालं. दिवाळी होऊ दे म्हटलं, तीही झाली. तिथं तळ्याकाठी कणकेचे रोडगे भाजायचे ठरले, म्हणून गोवऱ्यांचं पोतं भरून ठेवलं. वऱ्हाडी माणूस स्वर्गाला निघाला तरी आधी तिथं रोडगे भाजायला जागा आहे का ते विचारतो. पण खरी अडचण वेगळीच होती. त्या गावात आपलं कोणी नव्हतं. "मास्तर, ज्या गावात आपला पाव्हणा नाही, तिथं माणूस उतरते कसा? लोक चोर समजतीन, नाही तं प्लॉट विकणारा समजतीन." हे मलाही पटलं. बायकोनं विचारलं, "पाणी पाहायला पाव्हणा कायले लागते?" हा प्रश्न आम्ही दोघांनीही कानाआड केला.

मग पाव्हणा शोधणं सुरू झालं. साडभाऊ लग्नाच्या पंगतीत बसले की वरणाआधी त्या गावाचं नाव काढत. तेराव्याला गेले की रडणाऱ्या माणसाचं रडणं थांबण्याची वाट पाहत आणि मग हळूच विचारत, "तुमचं तिकडं धरणाकडं कोणी?" या शोधात दोन सोयरिकी जुळल्या, एक जुनं भांडण मिटलं आणि एक नवं सुरू झालं. शेवटी सापडला एकदाचा. साडभाऊंच्या चुलत मेव्हण्याच्या सुनेचा सख्खा काका त्याच गावात, अगदी पाण्याला लागून राहत होता. इतकं जवळचं नातं सापडल्यावर साडभाऊंना गहिवरून आलं. आता फक्त दिवस पाहायचा राहिला, आणि दिवस पाहण्यात आणखी काही दिवस गेले.

एका सकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना ताई चहा ओतत होत्या. सगळा चहा कपाच्या बाहेर, बशीच्याही बाहेर पडला. त्यांना ते कळलं नाही. साडभाऊंनी फडक्यानं ओटा पुसला आणि रिकामा कप तोंडाला लावून चहा प्यायल्यासारखं केलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मास्तर, उद्या निघू." ऊन कुठल्या अंगानं येईल ते त्यांनी विचारलं नाही.

जीप सांगितली, गोवऱ्यांचं पोतं टपावर चढवलं आणि आम्ही चौघं खरोखर निघालो. दुपार व्हायच्या आत पोहोचलोही. इथवर सगळं ठीक होतं. पण पाव्हण्याला फोन करायची चूक साडभाऊंनी केलीच होती, आणि ती केल्याबद्दल मी त्यांना शाबासकीही दिली होती.

पाव्हणा वेशीवरच उभा होता, भावकी घेऊन. आम्हाला बैठकीत नेऊन बसवलं. पाठ भिंतीला, तोंड रस्त्याला आणि तळं भिंतीच्या मागं. साडभाऊ म्हणाले, "जरा पाणी पाहून येतो." पाव्हणा म्हणाला, "पाणी कुठं पळून चाल्लं? आधी जेवण." गोवऱ्यांचं पोतं पाहून तर त्याचा चेहराच पडला. "आमच्या दारात येऊन भायेर चूल मांडता? गाव काय म्हणीन मले?" पोतं त्याच्या गोठ्यात गेलं. आतमध्ये पुरणाची डाळ आत्ता कुठं चुलीवर चढत होती, कारण पाव्हणे दारात दिसल्याशिवाय पुरण शिजवणं म्हणजे त्यांचा अपमान. डाळ शिजेपर्यंत चहा झाला. मग ज्या सुनेवरून नातं निघालं होतं तिच्या माहेरच्या चार पिढ्या झाल्या. मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीत गेलो, टाचा उंच केल्या आणि झरोक्यातून पाण्याची एक चमकती पट्टी पाहिली. भूगोलाच्या मास्तरानं पाहिलेलं हे पहिलं बंदर.

जेवणं झाली तोवर उन्हं कलली होती. ताईंनी एकदोनदा खिडकीच्या उजेडाकडं पाहिलं. साडभाऊंचं लक्ष होतं. ते उठायला लागले की कोणी तरी खांद्यावर हात ठेवून खाली बसवी. मग आहेर निघाला. बायांना लुगडी, आम्हाला टोप्या. टोप्या घालून निघालो तर भावकीतला दुसरा दारात उभा. "त्याच्या घरी जेवले, मंग आमच्या घरचा चहा विटला काय?" त्याच्याकडे प्यायलो म्हणून तिसऱ्याकडे प्यावा लागला. नाही म्हणायचं धैर्य साडभाऊंना नव्हतं, आणि मी तर टोपी सावरत प्रत्येक घरी दुसरा कपसुद्धा घेतला. अखेर माझी बायकोच उठली, ताईंचा हात धरला आणि म्हणाली, "तुमी बसा, आमी चाल्लो." तेव्हा कुठं आमच्या ढुंगणाखालची सतरंजी सुटली.

आम्ही घाटावर आलो तेव्हा सूर्य गेला होता. नावाडी नाव बांधत होता. ताई पायरीवर थांबल्या. मी त्यांच्या शेजारीच होतो. समोर एवढं पाणी पसरलेलं आणि त्या मान इकडून तिकडं वळवत होत्या. मला माझी स्वतःची लाज वाटली, सगळ्या चहांसकट. ताई एवढंच म्हणाल्या, "वास छान येते पाण्याचा." साडभाऊ नावाड्यापाशी गेले. काय बोलले कोण जाणे, पण त्यानं दोर पुन्हा सोडला.

नाव हलली आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. सांगायला हरकत नाही, मी घाबरलो होतो. ताईंनी विचारलं, "काय काय हाये वो इथं?" आणि साडभाऊ सांगायला लागले. "तुया डाव्या अंगाले टेकडी हाये, त्याच्यावर पळसाचं झाड, एकटंच. पाणी कसं? तर हंड्यावर कल्हई केल्यावानी. कुठवर? नजर पुरून नाही राह्यली. ते पाह्य, एक नाव येऊन राह्यली. त्यात बकऱ्या उभ्या हायेत, आन् मधात एक नवरी बसेल हाये. पिवयी साडी. रडते थोडीशी, पण पाण्याकडं पाहून राह्यली." ताई हसल्या. "दिसली, दिसली," म्हणाल्या.

मिटल्या डोळ्यांनी मलाही ती नवरी इतकी स्वच्छ दिसली, की भीती विसरून मी डोळे उघडले. कुठली टेकडी आणि कुठली नवरी! चहूकडं अंधार, आणि लांब पलीकडच्या काठावर एक दिवा. आणि साडभाऊ? ते तळ्याकडं पाठ करून, ताईंच्या समोर बसले होते. ज्या पाण्यासाठी एवढे दिवस घातले त्याच्याकडं त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. ते फक्त ताईंच्या चेहऱ्याकडं पाहत होते आणि सांगत होते. मी पुन्हा डोळे मिटले.

त्यानंतर ताईंची नजर फार झपाट्यानं गेली. आता त्यांना उजेड कुठं आहे एवढंच कळतं. आलेल्या बायांना त्या पिवळ्या साडीतल्या नवरीबद्दल सांगतात. साडभाऊ बेत करत नाहीत. ओट्यावर बसतो आम्ही, चहा पितो आणि उठतो. मला करमत नाही. त्यांच्या बेतांना मी जन्मभर हसलो असेन, पण ते बंद झाल्यावर घराला कुलूप लागल्यासारखं झालं. परवा न राहवून मीच म्हटलं, "साडभाऊ, आता समुद्र पाहून येऊ या का?" त्यांनी मान हलवली. "आता कायले, मास्तर? कोणाले दाखवाचा?"

आतून ताई म्हणाल्या, "चला ना. तुमी सांगसान, मी पाहीन."