होल्डवर ठेवलेलं पत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंगलला — म्हणजे माझ्या बायकोला — सुद्धा नाही. तिला सांगायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. पण या एका बाबतीत ती माझं कौतुक करते, आणि ते कौतुक मी गेली दोन वर्षं खाली मान घालून ऐकून घेत आलोय.

तुम्हाला तरी सगळं सांगेन का? माहीत नाही. कुणी आपणहून चूक कबूल करायला लागला की मला आधी वाटतं, हा त्याहून मोठं काहीतरी झाकतोय. तेव्हा तुम्हीही माझ्याबद्दल तसंच समजून वाचा.

आधी माझा स्वभाव सांगतो. चाकणच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं माल तपासायचं काम केलं. बाहेरून तयार होऊन येणारा सुटा भाग — आम्ही त्याला जॉब म्हणायचो — गेटातून आत आला की पहिला माझ्या टेबलावर. नियम असा, की जॉब खराबच आहे असं धरून चालायचं. चांगला आहे हे त्यानं सिद्ध करायचं. चांगल्याला हिरवी चिठ्ठी, खराबाला लाल. आणि ज्याचं नक्की काही कळत नाही त्याला पिवळी. पिवळी म्हणजे होल्ड. माल होल्डच्या रॅकवर ठेवला की आपण मोकळे. पास केला असं कुणी म्हणू शकत नाही, नापास केला असंही नाही. लाइनवरून बोंब येईपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला ती पिवळी चिठ्ठी फार आवडायची. मला वाटायचं, मी सावध माणूस आहे.

रिटायर झालो आणि रहाटणीतल्या आमच्या सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे खरं कारण. त्या मीटिंगमध्येच मंगल सगळ्यांसमोर म्हणाली, "यांना देवळात न्या, हे आधी घंटा हलवून बघतील, पक्की बसवलीय का." सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून सुखावलोच.

तर — पाचव्या मजल्यावर एक कोरियन जोडपं भाड्यानं आलं. नवरा महाळुंग्याच्या एका प्लांटमध्ये नवी लाइन बसवायला आलेला. सकाळी सातला कंपनीची गाडी त्याला न्यायची ती अंधार पडल्यावरच आणून सोडायची. बायको त्याच्यामागून महिन्याभरानं आली. सुजिन तिचं नाव, वय असेल पस्तिशीचं. घरमालक परदेशात. म्हणजे काही कागद लागला तर त्या बाईला गाठायला सगळ्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता — मी.

पहिल्या आठवड्यातच ती माझ्या डोळ्यावर आली. फोटो काढायची. झाडांचे, फुलांचे नाही — नोटीस बोर्डाचे. मीटरच्या खोलीवरच्या पाटीचा. पाण्याच्या वेळापत्रकाचा. मोबाइल समोर धरायची, थांबायची, आणि मग पिशवीतून एक छोटी वही काढून उभ्या उभ्या काहीतरी लिहायची. मराठी नोटिशीतून कोरियन बाईला काय उतरवून घ्यायचं असेल? सांगा ना — तुम्हाला प्रश्न पडला नसता? मी वॉचमनला लक्ष ठेवायला सांगितलं. समोर आली की कमरेतून वाकून नमस्कार करायची, तेही मला खुपायचं. विनाकारण एवढं कोण वाकतं?

आता त्या पत्राचं. परदेशी माणसाला इथं बरेच महिने राहायचं असेल तर आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते. भाडेकरार नुसत्या नवऱ्याच्या नावावर होता, म्हणून नोंदणीच्या ऑफिसनं तिच्याकडं सोसायटीचं पत्र मागितलं. ही बाई याच घरात राहते, एवढंच लिहायचं होतं. आल्याच्या चौथ्या दिवशी तिनं माझ्या हातात अर्ज दिला. मी पत्र टाइप केलं. चेअरमननं सही केली. राहिली फक्त माझी सही आणि शिक्का. आणि मी ते पत्र एका फोल्डरमध्ये घातलं, फोल्डर टेबलाच्या खणात टाकला आणि त्यावर — हे लिहितानाही लाज वाटते — पिवळी चिठ्ठी चिकटवली.

तिला सांगितलं, कमिटीची मीटिंग व्हायचीय. तिनं ते मोबाइलमध्ये तिच्या भाषेत वाचलं, वाकली, गेली. दोन दिवसांनी परत आली. मीटिंग झाली नव्हती. पुन्हा आली, तेव्हा चेअरमन गावाला गेले होते. खरं तर ते आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये टीव्ही बघत बसले होते, आवाज खाली येत होता. मधल्या काळात ती दोनदा नोंदणीच्या ऑफिसात जाऊन, तासन्‌तास बसून, हात हलवत परत आली. हे मला मंगलकडून कळायचं. मंगलचं आणि तिचं छान जमलं होतं. एकमेकींची भाषा येत नसताना दोघी मेथी निवडत बसायच्या. मंगल म्हणायची, अहो, द्या ना तिचं पत्र, पोरीची मुदत संपत आली. मी म्हणायचो, नियम असतात. आणि वर हेही सांगायचो की मी तिच्यासाठी चेअरमनच्या मागं लागलोय, ऑफिसात फोन करून करून थकलोय. मंगल ते जसंच्या तसं तिला समजावून सांगायची, हातवारे करून.

नियम! मी लातूरकडून इथं आलो तेव्हा काळेवाडीत एका खोलीत राहायचो. रेशनकार्डासाठी घरमालकाचं पत्र लागायचं. सगळे म्हणायचे, इथले मालक देत नाहीत, उद्या खोलीवर हक्क सांगाल म्हणून घाबरतात. मी तीन दिवस मालकाच्या अंगणात नुसता घुटमळलो. शेवटी त्या म्हाताऱ्या तात्यांनीच हाक मारली. म्हणाले, "कागुद आनलाय न्हवं? आन हिकडं. ऱ्हातोयस तर ऱ्हातोयस म्हनून लिवायला माजं काय जातंय?" आणि ओट्यावर ठेवून सही करून दिली. सुजिन माझ्या दाराशी उभी राहायची तेव्हा मला तात्या आठवत नव्हते का? आठवत होते. विसरलो होतो असं म्हणणं सोयीचं पडलं असतं, पण ते खोटं आहे.

दोन आठवडे उलटले. तिसराही गेला. मग एका सकाळी बेल वाजली. सुजिन दारात. हातात मोबाइल नव्हता — पहिल्यांदाच. एकेक शब्द मोजून ती मराठीत म्हणाली, "आई. आजारी. खूप. जायचं आहे."

मी आत गेलो, खण उघडला, पिवळी चिठ्ठी सोलून खिशात घातली, सही केली, शिक्का मारला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं ते पत्र दोन्ही हातांनी घेतलं.

इथं थांबलो तर तुम्ही म्हणाल, उशीर केला बिचाऱ्यानं, पण दिलं. मीही स्वतःला बरेच महिने एवढंच सांगत होतो. पण मघाशी म्हटलं होतं ना, की माणूस लहान चुकीमागं मोठी झाकतो?

त्याच दुपारी नोंदणीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारा अधिकारी सभ्य होता. सुजिन त्याच्या समोरच बसली असावी, कारण तो मराठीत आणि जरा हळू आवाजात बोलत होता. नोंदणी झाल्याशिवाय तिला देशाबाहेर जाता येणार नव्हतं, आणि नोंदणीची मुदत तर टळून गेली होती. तो म्हणाला, "सेक्रेटरी साहेब, उशीर कुणाकडून झाला तेवढं सांगा. सोसायटीकडून झाला असेल तर दोन ओळी लिहून पाठवा, मी आजच नोंद करून टाकतो. बाईंनीच अर्ज उशिरा दिला असेल तर मात्र फाइल वर पाठवावी लागेल."

कळलं ना? इतकं सोपं होतं. उशीर आमच्याकडून झाला — बस. मला कुणी फासावर देणार नव्हतं. आणि मला आईचं माहीत होतं. सकाळीच तर ऐकलं होतं.

पण डोक्यात काय आलं? हा असं का विचारतोय? गोड बोलून लेखी घेतोय की काय? उद्या हाच कागद घेऊन कुणी चौकशीला आलं तर? परदेशी माणसाची भानगड आणि खाली माझी सही! सत्तावीस वर्षांत एकाही बिघडलेल्या मालावर मी माझी सही सापडू दिली नव्हती.

मी म्हणालो, "साहेब, बाईंनी अर्जच परवा दिला."

हे. हेच सांगायचं होतं.

नुसतं "बरं" म्हणून त्यानं फोन ठेवला. फाइल वर गेली. मंजुरी यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती रोज तिथं जाऊन बसायची. नवऱ्यानं दोन दिवस सुट्टी काढली, बाकीचे दिवस मंगल तिच्यासोबत गेली, डबा घेऊन. तिथं मंगलला एवढंच सांगायचे, फाइल वर गेलीय, थांबा. सहाव्या दिवशी तिची आई वारली. मंगलनं येऊन सांगितलं तेव्हा मी नोटीस बोर्डावर पाण्याच्या बदललेल्या वेळा लावत होतो. मी "अरेरे" म्हणालो आणि उरलेल्या दोन टाचण्या लावल्या.

सुजिन गेली तेव्हा तिकडं सगळं उरकलं होतं. तीन आठवड्यांनी परत आली. दिसली की तशीच वाकायची. हिला कळलं असेल का? अधिकाऱ्यानं सांगितलं असेल का? की कळूनही गप्प आहे? मी लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागलो.

पाच-सहा महिन्यांनी महाळुंग्याचं काम संपलं आणि ते दोघं कायमचे निघाले. जायच्या दिवशी तिनं मंगलला ती वही दाखवली. तीच — उभ्या उभ्या लिहायची ती. पानापानांवर माझ्या नोटिशी होत्या. 'पाणी सकाळी सहा ते आठ येईल.' 'लिफ्टचा दरवाजा नीट लावावा.' वाकड्यातिकड्या अक्षरात, एकेक ओळ पाच-पाच वेळा गिरवलेली. मोबाइल तिला अर्थ सांगायचा आणि ती अक्षरं शिकायची. आमची भाषा ती माझ्या नोटिशींवरून शिकत होती.

त्याच वहीतलं एक पान फाडून तिनं मंगलकडं माझ्यासाठी दिलं. त्यावर असं लिहिलंय:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सेक्रेटरी सर यांनी माझी आई आजारी असताना फार प्रयत्न केले. तरी त्यांचे आभार मानण्यात येत आहेत. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी."

खाली नाव, आणि फ्लॅटचा नंबर.

माझं ते वाचून पुरं व्हायच्या आत मंगल ते घेऊन खाली गेली आणि तिनं ते बोर्डावर लावलं. तिचे डोळे भरले होते. लोक जमले, कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, असा सेक्रेटरी मिळायला भाग्य लागतं.

नवीन भाडेकरू आला की अजूनही तो कागद वाचतो आणि मला जरा जास्तच वाकून नमस्कार करतो. बोर्डाला काचेचं दार आहे. त्याची किल्ली माझ्याकडंच असते. मी तो कागद काढलेला नाही.